भोगाची मर्यादा आणि देवबागचा किनारा

समुद्रकिनारी सुट्टी घालवणे ही कृती नीतीच्या दृष्टीने निरुपद्रवी आहे, तिच्यात धर्माधर्माचा विचार करण्याजोगे काही नाही, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. भारतीय परंपरेने काम, म्हणजे इंद्रियांना रुचणाऱ्या सुखाची इच्छा, हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला आणि गीतेच्या सातव्या अध्यायात तर धर्माला विरोध न करणाऱ्या कामाशी भगवंतांनी स्वतःचे तादात्म्य सांगितले. तेव्हा वाळूत बसून सूर्यास्त पाहणाऱ्याला किंवा सुरमईच्या तुकडीवर ताव मारणाऱ्याला पापी ठरवण्याचे कारण नाही. परंतु सुख घेणे निर्दोष आहे असे म्हटल्याने ते कोणत्या अटींवर निर्दोष आहे हा प्रश्न सुटत नाही, आणि जे गाव कालपर्यंत मासेमारीवर जगत होते व आज पाहुण्यांवर जगते, तेथे तो विशेष टोकदार होतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील देवबाग हे असे एक गाव आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये निमुळत्या होत गेलेल्या भूपट्टीवर ते वसलेले आहे. नदी समुद्राला मिळते तेथे ते संपते. तारकर्ली त्याला लागूनच आहे. समुद्र ही चिंचोळी जमीन सतत कुरतडत असल्याने धूप थांबवणारा बंधारा ही येथील जुनी मागणी आहे. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि माडांच्या सावलीतील घरांना एकेक करून निवास-न्याहारीच्या खोल्या जोडल्या गेल्या. मासेमारी थांबली असे नव्हे. ती गावाची मुख्य ओळख उरली नाही, एवढेच.

या स्थित्यंतराकडे पाहण्यासाठी जैन आचारशास्त्रातील एक भेद फार उपयोगी पडतो. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाश्रमी जैनाच्या, व्रतांमध्ये भोगोपभोगपरिमाण नावाचे व्रत आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे विवरण येते: जी वस्तू एकदाच भोगून सोडून द्यायची, जसे अन्न, तिचे सेवन हा भोग, आणि जी पुन्हापुन्हा वापरायची, जसे वस्त्र, तिचे सेवन हा उपभोग. या दोहोंना गृहस्थाने आपण होऊन परिमाण, म्हणजे मर्यादा, घालून घ्यावी असे व्रत सांगते. (प्रवासाच्या दिशांना मर्यादा घालणारे दिग्व्रतही याच यादीत आहे, हे पर्यटन खात्यांना फारसे सुखावणारे नाही.) हा भेद देवबागच्या किनाऱ्याला लावला तर असे दिसते की, गाबीत समाजातील मच्छीमाराच्या दृष्टीने समुद्र हा उपभोगाचा विषय होता, उद्या, परवा आणि नातवंडांच्या काळातही त्याच पाण्यात उतरायचे असल्याने त्याला जपणे हे त्याच्या वापरातच अनुस्यूत होते. पर्यटकाच्या दृष्टीने तोच समुद्र भोगाचा विषय ठरतो. दोन रात्रींचे आरक्षण संपले की त्याचा संबंध संपतो आणि पुढच्या वर्षी दुसरा किनारा असतो. माणूस वाईट नसतानाही त्याचा व्यवहार बेपर्वा होतो तो या कारणाने.

रापण या जुन्या मासेमारीच्या पद्धतीत उपभोगाचे हे शील उघड दिसते. होडी जाळे घेऊन आत जाते, अर्धवर्तुळात ते सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा, टाचा वाळूत रुतवून, ते तास-दोन तास ओढत राहतात; जाळे जसजसे जवळ येते तसतशा रांगा एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी बांगडे, तारल्या, पेडवे यांची चंदेरी तडफड वाळूवर येते. माशांचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा अशी ती विभागणी असते, आणि ऐनवेळी दोराला हात लावणाऱ्यालाही थोडीबहुत मासळी देण्याची रीत आहे. ज्यात कष्ट आहेत तेथे वाटा आहे, आणि ज्याला वाटा आहे तो किनाऱ्याचा धनीही आहे आणि सेवकही. आज याच रापणीचे चित्रण करणारा पाहुणा दोराच्या बाजूला उभा असतो. त्याने दोर ओढला तरी तो एक अनुभव म्हणून ओढतो, त्याला बांगडा नको असतो. रापणकाराचे खरे वैर अर्थात या पाहुण्याशी नाही, ते माशांचा थवाच्या थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांशी आणि रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या नौकांशी आहे. पर्ससीन मासेमारीवर राज्य शासनाने 2016 साली निर्बंध घातल्यानंतरही तो संघर्ष शमलेला नाही. तरीही यांत्रिक नौका आणि भाड्याची सुट्टी यांच्यात एक साम्य आहे: दोन्ही ठिकाणी घेणारा आणि सांभाळणारा ही एकच व्यक्ती राहिलेली नसते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पर्यटक फुकट काही घेत नाही, तो खोलीचे, थाळीचे, होडीचे पैसे मोजतो. त्या पैशांवर मुले शिकतात, आणि वादळात होडी लोटण्याची सक्ती संपते. मच्छीमाराने गरीब राहून शहरी माणसाच्या कल्पनेतले गाव जिवंत ठेवावे, असे म्हणणे ही क्रूर भावुकता आहे. आक्षेप खरा आहे. पण तो जेवढे सिद्ध करतो तेवढेच सिद्ध करतो. किंमत आणि ऋण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किंमत विकणाऱ्याला दिली की व्यवहार पुरा होतो. ऋण मात्र ज्याने काही विकलेले नसते त्याचेच असते. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि इतर माणसे यांचा ऋणी असतो असे सांगितले आहे, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांना परत काही न देता जो भोगतो त्याला चोर म्हटले आहे. खोलीच्या भाड्यात वाळूचे देणे नसते, आणि जिच्याकडे भाड्याने देण्यासारखी खोली नाही अशा शेजारणीचेही नसते. देवबागचा पाहुणा यजमानाशी प्रामाणिक असूनही किनाऱ्याचा चोर असू शकतो, तो या अर्थाने.

हे ऋण फेडायचे कसे, याचे एक उत्तर त्याच तालुक्यात शतकानुशतके दिले जात आहे. आचरा गावी काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते: ग्रामदैवत रामेश्वराच्या आज्ञेने सगळे गाव, गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह घरेदारे बंद करून वेशीबाहेर जाते, झोपड्या उभारून तीन दिवस आणि तीन रात्री तेथे राहते, आणि देवाचा कौल, म्हणजे त्याची अनुमती, मिळाल्यावरच परतते. चिंदर आणि वायंगणी या गावांतही ही प्रथा आहे. वेशीबाहेरच्या त्या दिवसांत भजने होतात, गप्पा रंगतात, मुले मनसोक्त खेळतात. कामाला सुट्टी असते आणि तीत आनंदही भरपूर असतो. म्हणजे सुट्टी ही कल्पना या किनाऱ्याला बाहेरून आलेली नाही. आधुनिक सुट्टीत माणूस दुसऱ्याच्या गावाचा तात्पुरता ताबा घेतो; गावपळणीत तो स्वतःच्याच गावाचा ताबा सोडतो आणि आपण तेथे मालक नसून कुळे आहोत हे मान्य करतो. भूतबाधेच्या समजुती या प्रथेला चिकटलेल्या आहेत आणि त्यांवर विश्वास ठेवण्याची गरज नाही; पण रिकाम्या गावाला आपल्यावाचून तीन दिवस राहू देण्याचा आचार त्या समजुतींपेक्षा मोठा आहे.

समुद्रालाही असाच मोकळा काळ मिळतो: पावसाळ्यात किनारपट्टीवरील यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मच्छीमार पुन्हा दर्यावर जाण्यास सिद्ध होतो. मासळीच्या वाढीसाठी मिळालेल्या या विसाव्याला धर्माचीही मोहोर आहे. जलक्रीडाही पावसात बंद असतात, पण ते व्रत नव्हे; खवळलेल्या पाण्यात उतरण्याची कोणाची इच्छाच नसते, आणि जे करता येण्यासारखे आहे ते न करण्यालाच परिमाण म्हणतात. म्हणून देवबाग-तारकर्लीच्या ग्रामसभांनी आणि मानकऱ्यांनी पर्यटनालाही एक पळण लावून द्यावी: भर हंगामात, मागणी सर्वाधिक असताना, तीन दिवस किनारा रापणीला आणि पाखरांना मोकळा ठेवावा, एकही होडी सफरीसाठी सोडू नये, आणि त्या दिवसांचे आरक्षण मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. पाहुण्यानेही तो नकार अपमान न मानता स्वीकारावा आणि चौथ्या दिवशी यावे.