बागेच्या चित्रासाठी प्रार्थना

हे सिद्धेश्वरा,

तुझ्या सोलापूरच्या दक्षिणेला, होटगीत, मी मुलांना चित्रकला शिकवतो. आज तुझ्याकडे डोळे मागायला आलो आहे. मुलांसाठी आणि माझ्यासाठीही.

ते डोळे कसे, ते एका चित्रावरून सांगतो. फ्रान्समधल्या सँ-रेमी गावी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग मे १८८९ मध्ये स्वतःहून मनोरुग्णालयात दाखल झाला. सुरुवातीला आवाराबाहेर जाण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने आवारातली बागच रंगवायला घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस काढलेल्या एका चित्रात वीज पडल्यावर छाटलेल्या झाडाचं गेरूच्या रंगाचं खोड आहे. दगडी बाकं रिकामी आहेत. पाऊस पडून गेल्यावर साचलेल्या पाण्यात पिवळं आभाळ उतरलंय. त्याच सुमारास त्याचा मित्र एमिल बर्नार्ड याने जैतुनांच्या बागेतला व्याकूळ येशू रंगवला होता. व्हिन्सेंटने त्याला पत्रातून कळवलं, की ती व्याकुळता दाखवायला थेट येशूची ती गेथसेमनेची बाग काढावी लागत नाही. स्वतः व्हिन्सेंटला एक छाटलेलं खोड पुरलं.

देवा, सिद्धरामांच्या रूपात तूच बाराव्या शतकात माणसं जमवून इथं तळं खोदलंस. श्रमालाच पूजा, म्हणजे कायक, मानणाऱ्या शरण संतांची ही भूमी. आजारातून जरा सावरताच त्या चित्रकाराने पुन्हा कुंचला धरणं, हेही कायकच. ते तुझ्यापर्यंत नक्की पोचलं असेल.

आमची मुलं निसर्गचित्र काढायला बसली की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढतात. वर्गाच्या खिडकीतून ना डोंगर दिसतो ना नदी. दिसतं ते काळं रान, धूळ बसलेली बाभूळ, जंक्शनकडे जाणारी मालगाडी. जे दिसतं ते काढण्याचा धीर त्यांना दे. करडईचा काटेरी पिवळा, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन, कडुलिंबाची तांबूस पालवी त्यांच्या कागदावर येऊ दे. घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या लेकरालाही रंगांत मोकळं बोलता येऊ दे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी हात बसवताना त्यांचं मन आखडू देऊ नकोस. एखाद्या पोराच्या घरी दुःख असेल आणि त्याचं झाड तांबडं झालं, तर माझ्या हातून त्यावर फुली मारली जाऊ नये.

मनाने आजारी असलेल्यांनाही सांभाळ. आजारामुळे व्हिन्सेंट थोर झाला, असं मला कुणाला शिकवायचं नाही. झटका आला की त्याला काम करता येत नसे. जुलै १८९० मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो गेला. आमच्या गावातल्या अशा माणसाला कुणी वेड्यात काढू नये. त्याला वेळेवर डॉक्टर मिळो, औषध मिळो, जवळ बसणारं माणूस मिळो, आणि हाताला आवडीचं काम मिळो.

पाऊस वेळेवर दे. शाळेच्या कुंपणालगत मुलांनी लावलेली रोपं जगव. आम्हाला पाहण्याची शक्ती आणि पाहिलेलं खरेपणाने मांडण्याची हिंमत दे.

इतकं कर, देवा. पुढचं कायक आम्ही करू.