अर्धी शक्ती

देह नाशिवंत आहे, हे आमच्या किन्हीराजा गावात लहान लेकरालाही ठाऊक असतं. हरिपाठाच्या वेळी ते कानावर पडतं, कीर्तनात पडतं, आणि कुणाच्या दहाव्याला तर हमखास. मग त्याच देहासाठी पहाटे उठायचं, पांदणीनं भरभर चालायचं, हात वर ताणायचे, एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा, हे धर्माला धरून आहे का? भजनी मंडळातल्या एका काकूंनी मला हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "जे एक दिवस सोडूनच द्याचं हाय, त्याले इतकं काहून जपाचं वं?"

काकू थट्टा करत नव्हत्या. त्यांचं सगळं आयुष्य वावरात गेलं, आणि देहाला महत्त्व न देणं हीच त्यांची साधना होती. म्हणून उत्तर देताना मी घाई केली नाही. अंगणवाडीत लेकरांची वजनं करण्यात आणि दंडाला पट्टी लावण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. देह किती नाजूक हिशेबावर उभा असतो ते मी रोज पाहिलं आहे. त्यामुळे देह म्हणजे केवळ माती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शास्त्रांनी देहाची हेळसांड करायला सांगितलेलं मला कुठं आढळलं नाही. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पाचव्या सर्गात पार्वती घोर तप करत असते, आणि बटूच्या वेशात आलेले शंकर तिला विचारतात की, हे सारं तू शरीराच्या ताकदीच्या बेतानं करते आहेस ना? कारण धर्म करायचा तर पहिलं साधन शरीरच आहे. वैराग्याचा मूर्तिमंत देव ही चौकशी करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचा. त्यातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी मरणाऱ्यालाही नाही, हे भगवंत सांगून टाकतात.

आमच्याच मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथाचं. जैनांमध्ये कायोत्सर्ग म्हणून एक साधना आहे. देहावरचं ममत्व सोडून, न हलता, बहुधा उभं राहायचं. काकूंना मी म्हटलं, बघा, देह सोडण्याची साधना करायलासुद्धा न डगमगता उभे राहणारे पाय लागतात. गुडघे गेलेल्या माणसाला देव भेटत नाही असं मुळीच नाही. पण आपल्या हातून जाऊ दिलेले गुडघे आणि प्रारब्धानं गेलेले गुडघे यांत फरक आहेच.

आणि आपली भक्ती बसून राहणारी कधी होती? वारकऱ्यांची पावली, फुगडी, प्रदक्षिणा, साष्टांग नमस्कार, सगळा देहच देवाच्या कामाला लावलेला. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी आमच्या जिल्ह्यातून पायी जाते. साठी-सत्तरीतली माणसं महिनाभर चालतात. आमच्या मालेगाव तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो रस्ता फक्त वेगाच्या वाहनांचा, त्यावर पायी चालायला मनाई आहे. ती योग्यच, जिवाचा प्रश्न आहे. पण पायी चालणं हे एकेकाळी येण्याजाण्याचं साधन होतं, ते आता वेळ काढून मुद्दाम करायची गोष्ट झालं आहे, आणि गावातही झालं आहे. वावरापर्यंत मोटारसायकल जाते. कीर्तनाला खुर्च्या आल्या. मांडी घालून बसणं आणि हात न टेकता उठणं हा जो दिवसातून वीसदा आपोआप होणारा व्यायाम होता, तो न सांगता निघून गेला.

गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात पहाटेची रामधून असते, म्हणजे झाडलेल्या रस्त्यांवरून भजन म्हणत गावफेरी. आमच्या वऱ्हाडातल्या या दोन संतांनी पूजा आणि हातपाय हलवणं यांत भिंत घातली नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघालं तेही मारुतीच्या नावानं. त्याची मंडळी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली.

इथपर्यंत काकूंना पटलं. पण मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "मी दिवसभर निंदते. सोयाबीन सोंगते. मले अजून कोणता व्यायाम पाह्यजे?"

याचं उत्तर मला आमच्या घरातल्या एका जुन्या पोथीवजा पुस्तकात मिळालं. माझे सासरे झाडपाल्याची औषधं देत. त्यांच्याकडचं गर्द्यांचं 'सार्थ वाग्भट' अजून आमच्या फडताळात आहे. दिनचर्येच्या अध्यायात वाग्भट व्यायामाचं माप सांगतो. बलवान असेल, तूप-तेल असं स्निग्ध खाणारा असेल, तर थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं व्यायाम करावा. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ती म्हणजे किती? सुश्रुतानं खूण दिली आहे: छातीतला श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली. तिथं थांबावं. त्यापुढं जाणाऱ्याला तहान, धाप, खोकला, ताप, क्षय असे त्रास होतात असं वाग्भट बजावतो, आणि अतिव्यायाम करणाऱ्याला हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाच्या पंगतीला नेऊन बसवतो. सिंह बलवान खरा, पण त्यानंच मरतो.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. अर्धी शक्ती वापर आणि अर्धी राखून ठेव, हा नियम मला वैद्यकाचा कमी आणि धर्माचा अधिक वाटला. राखलेली अर्धी कुणासाठी? घरातल्या आजाऱ्यासाठी, रात्री रडणाऱ्या लेकरासाठी, संध्याकाळच्या हरिपाठासाठी, उद्यासाठी. सगळी शक्ती एका कामात ओतून टाकण्याचा अधिकार माणसाला नाही, कारण ती त्याच्या एकट्याची नव्हे. देह माझा नाही, हे संत सांगतात. माझा नाही म्हणून तो कसाही वापरावा, असा त्याचा अर्थ लावणारे चुकतात. दुसऱ्याची ठेव आपण जास्त जपून वापरतो.

आता काकूंच्या दिवसाकडे बघा. सकाळी सातला डबा बांधून त्या निघतात. पाठ कमरेतून वाकलेली, मान खाली, उजव्या हातात विळा. हीच एक हालचाल दुपारपर्यंत, आणि जेवून पुन्हा दिवस मावळेपर्यंत. श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावं, हे त्यांना कोण सांगणार? ओळ मागं पडली तर मजुरी बुडते. स्निग्ध खाणाऱ्यालाही वाग्भट अर्ध्यावर थांबवतो, आणि इथं भाकरी-ठेच्यावर पूर्ण शक्ती खर्चली जाते, तीही भर उन्हाच्या दिवसांत. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. अंगणवाडीत गरोदर मायांना लोहाच्या गोळ्या देताना मी त्यांच्या पापण्या खाली ओढून बघत असे. तो पांढरेपणा मला विसरता येत नाही.

आधुनिक संशोधनही याच ठिकाणी येऊन थांबलं आहे. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयाचा आजार कमी होता. त्यावरून लोक समजले की कष्ट म्हणजेच आरोग्य. पण कोपनहेगनमधल्या सुमारे एक लाख स्त्री-पुरुषांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात उलटी बाजू दिसली. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी, आणि कामावर जड कष्ट उपसणाऱ्यांना तो जास्त. संशोधक कारणं आपल्याला समजतील अशीच सांगतात. कष्ट तासन्‌तास चालतात, त्यात विसावा नसतो, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, एकाच अवघडलेल्या स्थितीत शरीर अडकतं. व्यायामाचा वेळ थोडा असतो. दम लागला की थांबता येतं, अंग दोन्ही बाजूंनी वळतं, आणि नंतर विश्रांती मिळते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल सांगते, दोन दिवस स्नायूंना जोर देणारी आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचीही. या मिनिटांना काकूंचा एक दिवसच पुरून उरतो. त्यांना कमी पडतो तो थांबा.

म्हणून मी काकूंना म्हटलं, तुम्हाला व्यायाम वाढवायचा नाही, उलटवायचा आहे. जे अंग दिवसभर पुढं वाकतं, ते थोडं मागं न्यायचं. आम्ही काही बाया पहाटे पांदणीनं निघतो. चालणं बोलता येईल इतपत भरभर. बोलता आलं नाही म्हणजे सुश्रुताची खूण आली, मग सावकाश. परतताना मारुतीच्या पाराशी उभ्या राहून दोन्ही हात डोक्यावर ताणतो, छाती उघडतो, खांदे मागं फिरवतो. पाराला हात लावून टाचा वर उचलतो. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी याचा आधार होतो. पाराच्या कडेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. मग एका पायावर उभं राहायचं. हे सगळ्यात अवघड, आणि म्हाताऱ्या बायांना सगळ्यात गरजेचं, कारण खुब्याचं हाड मोडलेली बाई पुन्हा उभी राहायला फार झगडते.

रात्री जेवल्यावर शतपावली. घरातल्या घरात, अंगणात, कशीही. स्नायू हलले की ते रक्तातली साखर उचलून वापरतात, म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटं साखरेच्या रोग्याला मोलाची. ही चाल आपल्या आजीला ठाऊक होती. या चालीला नाव देऊन ठेवणाऱ्या पूर्वजांचे मी मनापासून आभार मानते.

सूर्यनमस्कार आम्ही थोडे घालतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते गेल्या शतकात शाळाशाळांत नेले, मंत्रासह. आता कुणी म्हणेल, आरोग्यासाठी नमस्कार घातला तर तो नमस्कार उरतो का? गुडघ्यासाठी प्रदक्षिणा घातली तर ती पूजा का? या प्रश्नानं मला बरीच वर्षं सतावलं. मला वाटतं, फळाची इच्छा मनात येणं हा दोष नाही. फळावर हक्क सांगणं हा दोष आहे. आमच्यात एक बाई होती, नेमानं चालणारी, मोजून खाणारी. तिला कॅन्सर झाला आणि ती गेली. तेव्हा गावात काही जण म्हणाले, इतकं करून काय मिळालं? मला ते बोलणं फार लागलं. आरोग्य हे पुण्याचं बक्षीस मानलं की आजारी माणूस पापी ठरतो, लुळा-पांगळा अपराधी ठरतो. हा विचार देवळातून आला तरी तो अधर्मच आहे. व्यायामानं शक्यता सुधारते, हमी मिळत नाही. हमी नसताना रोज उठून तो करणं, हेच त्यातलं उपासनेपण. ती बाई शेवटच्या महिन्यांतही अंथरुणावर पाय वाकवायची आणि सरळ करायची. तिला बरं होण्याची आशा उरली नव्हती. "अंग हाय तोवर त्याचं त्याले द्याव लागते," एवढंच ती म्हणायची.

काकू आता पहाटे येतात. पण निंदणाच्या दिवसांत येत नाहीत, आणि मी त्यांना या म्हणतही नाही. त्या दिवसांत त्यांना चालायला बोलावणं म्हणजे संपलेल्या शक्तीतून आणखी मागणं. तिथं व्यायामाचा उपदेश थांबला पाहिजे आणि दुसरं बोलणं सुरू झालं पाहिजे. ज्यांच्या वावरात त्या जातात त्यांच्याशी.

ते आम्ही सुरू केलं आहे. भजनी मंडळातल्या बऱ्याच घरांची स्वतःची शेती आहे. त्यांना आम्ही म्हणतो की, हरिपाठाला शेजारी बसणारी बाई तुमच्या धुऱ्यावर आली की तिची अर्धी शक्ती तिच्याजवळ राहू द्या. दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटं. झाडाखाली सपाट पाठ टेकून पडायचं, उठून अंग मागं ताणायचं, पाणी प्यायचं, आणि तेवढ्यासाठी मजुरी कापायची नाही. दुपारी बाराच्या उन्हात एक तास मोकळा. काही घरांनी हो म्हटलं. काही म्हणतात, पाऊस तोंडावर असताना तण थांबत नाही, आणि त्यांचंही खोटं नाही. सोयाबीनचे भाव त्यांनाही पुरत नाहीत. एका घरच्या म्हाताऱ्या मालकानं विचारलं, हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे? मी त्यांना वाग्भटाचं ते पान नेऊन दिलं. ते पुस्तक सध्या त्यांच्याकडेच आहे.