मध्येच सोडून गेलेला गडी



भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखात भाताची कापणी-झोडणी उरकली की खाचरे मोकळी होतात आणि पोरे फक्कीच्या रेघा मारून कबड्डीचे मैदान आखतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. नाव बदलले, पण पोरांचा हा नाद काही बदलला नाही. आमच्या वस्तीचाही एक संघ आहे. विहाराच्या मागच्या खाचरात त्यांचा सराव चालतो, आणि रविवारची वंदना आटोपली की मीही बांधावर बसून तो पाहतो.

गेल्या हंगामात या संघातला सर्वांत चांगला चढाई करणारा गडी हंगाम निम्म्यावर आला असताना संघ सोडून गेला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. त्याने कोणाला सांगितले नाही, निरोप ठेवला नाही. सात गड्यांच्या जागी सहा उतरले, दोन लोण अंगावर घेऊन पोरे मान खाली घालून परतली. कोणी म्हणाले, त्याने पैसे घेतले. कोणी म्हणाले, मोठ्या संघाने बोलावले. परंतु त्यानंतर तो कोणत्याच संघाकडून खेळला नाही, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

यंदा वर्षावासात एका रविवारी तो विहारात आला, मागे बसला, आणि वंदना संपल्यावर पोरांना म्हणाला, "मला परत खेळायचे आहे." पोरे माझ्याकडे आली. "गुरुजी, तुम्हीच सांगा. याला घ्यायचे की नाही?"

हा प्रश्न नुसत्या खेळाचा नाही, म्हणून आज तो आपणांपुढे मांडतो.

तेथल्या तेथे दोन उत्तरे आली. संघनायक म्हणाला, "ज्याने ऐन वेळी पाठ दाखवली त्याला पुन्हा दार नाही. नाहीतर उद्या प्रत्येकजण जाईल आणि येईल." एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, "लेकरू परत आले, घ्या की! बुद्धाची करुणा कशाला म्हणतात मग?" दोन्ही उत्तरे मनापासूनची होती. पण दोघांनीही एक प्रश्न विचारला नव्हता: तो गेला का?

भगवान बुद्धांच्या विनयात या प्रश्नाला मोठे स्थान आहे. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहावे, मध्येच निघून जाऊ नये, असा नियम आहे. तरीही आईवडील आजारी असले, सहकारी भिक्खू संकटात असला, तर सात दिवसांत परत येण्याच्या बोलीवर त्याला जाता येते. म्हणजे मध्येच जाणारा प्रत्येकजण सारखा नाही. कारण काय होते, सांगून गेला की चोरून गेला, परत येण्याचे मन होते की नव्हते, हे सारे पाहावे लागते. कारण न विचारता दिलेली शिक्षा हा अन्याय आहे. कारण न विचारता दिलेली माफी हीही खरी करुणा नव्हे, कारण तिने जखम तशीच झाकून ठेवली जाते.

मी त्या मुलाला बांधावर घेऊन बसलो. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "गुरुजी, नायक निवडायचा होता. माझे नाव निघाले. तेव्हा एकजण म्हणाला, कालचा बौद्ध हा, याच्या हाताखाली आम्ही खेळायचे? बाकीचे हसले. कोणी त्याला गप्प केले नाही."

बंधूंनो, या मुलाच्या घराने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. पूर्वाश्रमीची त्यांची जात आमच्या वस्तीतल्या बहुतेकांच्या पूर्वाश्रमीच्या जातीहून वेगळी. आम्ही जात टाकली, असे आम्ही म्हणतो. मग 'कालचा बौद्ध' हा शब्द कोठून आला? जुनी उतरंड आपण मोडली आणि तिच्याच खापऱ्यांची नवी रचली, असे तर नाही ना?

हे ऐकताच मला पळवणकर बंधूंची आठवण झाली. नव्या घरांतील मुलांना हे नाव ठाऊक असायला हवे. बाळू, शिवराम आणि विठ्ठल हे चर्मकार समाजातले भाऊ क्रिकेट खेळत. बाळूंनी पुण्यात गोलंदाजीत नाव कमावले, पण मैदानावर ज्यांच्यासाठी ते गडी बाद करीत, तेच सोबती चहाच्या वेळी आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी ११४ गडी बाद केले. एवढे करूनही हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधी मिळाले नाही.

१९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ खेळत होते. बाळूंना संघातून वगळले होते. नायक पाई आजारी पडले, तेव्हा अनुभवाने विठ्ठल यांचा हक्क होता. तरी नायकपद देवधरांकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. त्यांनी ते चोरून केले नाही. वर्तमानपत्रांतून निवेदन देऊन, जातीमुळे आम्हांला डावलले, हे जगाला सांगितले. स्पर्धा चालू असताना त्यांनी संघ सोडला. आता सांगा, ते पळपुटे होते काय? आपण म्हणू, नाही. ज्या संघाने त्यांना माणूस म्हणून मान दिला नाही, त्या संघानेच त्यांना आधी सोडले होते. त्यांनी फक्त ते उघड केले.

पुढे काय झाले ते अधिक शिकण्यासारखे आहे. पारशांशी अंतिम सामना व्हायचा होता. तडजोड झाली, पाई बरे होऊन नायक म्हणून उतरले, दोघे भाऊ परत आले आणि बाळूंना उपनायक म्हणून संघात घेतले. सामन्यात काही काळ पाई मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सामना अनिर्णित राहिला. ही फेड पुरी नव्हती. पण ती सुरुवात होती. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे नायक झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने ती स्पर्धा जिंकली. ज्याला एकदा डावलले, त्याच्याच मागे तो संघ विजयी झाला.

याच बाळूंनी १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे परमपूज्य बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला, हेही मला ठाऊक आहे. ते मी लपवीत नाही. माणसाचे राजकारण आपल्याला पटले नाही, म्हणून त्याच्यावर झालेला अन्याय न्याय ठरत नाही. आपल्याच माणसांचे अन्याय तेवढे मोजायचे, अशी सवय धम्माने आपल्याला लावलेली नाही.

मी पोरांना हे सारे सांगितले. सारी गप्प झाली. मग ज्याच्या तोंडून तो शब्द गेला होता, तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी चुकलो. पण तोही चुकलाच ना? सांगून गेला असता तर आम्ही सातवा गडी शोधला असता."

मुलगा बरोबर बोलला. पळवणकर बंधू सांगून गेले. हा न सांगता गेला. अपमान त्याचा एकाने केला, पण फळ सहाजणांना भोगावे लागले. त्यांत हसण्यात सामील नसलेलेही दोघे होते. आपल्यावर अन्याय झाला, म्हणून आपली चूक धुऊन निघत नाही. धम्मात एकाचे कर्म दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

मग दोन्ही बाजूंची चूक असेल, तर परत कसे घ्यायचे? येथे भगवंतांनी स्वतः घालून दिलेले दोन धडे आहेत.

पहिला धडा देवदत्ताच्या वेळचा. देवदत्ताने संघात फूट पाडली आणि नव्याने आलेले पाचशे भिक्खू आपल्यामागे गयेला नेले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान तेथे गेले, त्यांना धम्म समजावून परत घेऊन आले. तेव्हा सारिपुत्ताने विचारले, की यांना पुन्हा नव्याने उपसंपदा द्यावी काय. भगवंतांनी त्याला नकार दिला. त्यांनी आपला मोठा अपराध संघापुढे कबूल करावा, एवढेच पुरे, असा त्यांचा निर्णय होता. यातले शहाणपण पाहा. कबुली सोडली नाही, कारण कबुलीवाचून संघाचा विश्वास बसत नाही. पण त्यांना पहिल्या पायरीवरही ढकलले नाही, कारण मग ते जन्मभर 'गेलेले' म्हणूनच ओळखले गेले असते. फूट पाडणारा वेगळा आणि भुलून मागे गेलेला वेगळा, हाही फरक तेथे केला आहे.

दुसरा धडा त्याहून जुना आहे आणि नव्या घरांनी तो उराशी धरावा. सिद्धार्थ गौतम कठोर तप करीत असता पाच परिव्राजक त्यांच्यासोबत होते. गौतमांनी देहदंडन सोडून अन्न घेतले, तेव्हा ते पाचही जण हा भ्रष्ट झाला असे समजून त्यांना सोडून गेले. संबोधी प्राप्त झाल्यावर भगवान कोठे गेले? त्या पाचांना शोधत सारनाथला गेले. हा आला तरी उठायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले होते. पण ते जवळ येताच एकाने पात्र घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुवायला पाणी आणले. पहिले प्रवचन त्यांनाच ऐकायला मिळाले. त्यांतला कौंडिण्य हा पहिला भिक्खू झाला. म्हणजे ज्या संघाला आपण शरण जातो, त्या संघाची पहिली फळीच मध्येच सोडून गेलेल्यांची आहे! आणि ते परत आले नव्हते. भगवान त्यांच्याकडे चालत गेले होते.

आता हे आपल्या घरांकडे वळवू. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत असे होते. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, वर्षभर वंदना झाली, मग घरात आजारपण आले, म्हातारी आत्या रडली, आणि कोपऱ्यात ठेवलेला देव्हारा पुन्हा पुसून मांडला गेला. वस्तीत कुजबुज सुरू होते. "बघा, गेले मागे." मग ते घर विहारात यायचे थांबते. ते धम्म नकोसा झाला म्हणून थांबत नाही. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून थांबते. अशा घराला आपण काय विचारतो? प्रतिज्ञा का मोडली, हे विचारतो. तुमच्या घरी आजारी कोण होते, रात्री दवाखान्यात सोबत कोणी आले होते काय, हे विचारतो काय? भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवरून पावसाळ्यात दवाखाना गाठणे काय असते, हे आपल्याला सांगायला नको. ज्या रात्री आपण त्या घरी गेलो नाही, त्याच रात्री ते घर मागे गेले.

याचा अर्थ प्रतिज्ञेला किंमत नाही, असा नव्हे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंकडून त्या वदवून घेतल्या, त्या सोयीप्रमाणे पाळायच्या म्हणून नव्हे. चुकले असेल तर चुकले म्हणावे, पुन्हा उभे राहावे. पण म्हणवून घेणाऱ्यानेही आपले काय चुकले ते आधी म्हणावे. ही कबुली दोन्हीकडून झाली, म्हणजे ती अपमान राहत नाही.

शेवटी पोरांना मी त्यांच्याच खेळातली एक गोष्ट विचारली. "कबड्डीत बाद झालेला गडी परत कसा येतो?"

"आपल्या बाजूने समोरचा एक बाद केला, की आपला एक जिवंत होतो," पोरे म्हणाली.

"म्हणजे बाद झालेला स्वतःच्या जोरावर जिवंत होतो काय?"

पोरे विचारात पडली. खरोखर, बंधूंनो, या खेळात बाद गड्याला स्वतःला काहीच करता येत नाही. त्याने बाजूला बसायचे असते आणि नियम पाळायचा असतो. त्याला जिवंत करतात ते त्याचे सोबती, चढाई करून, पकड करून, अंगाला माती लावून घेऊन. त्याचे काम एवढेच, की त्याने आपल्या जागेवर बसून राहावे, मैदान सोडून घरी जाऊ नये. आणि जिवंत झालेला गडी मैदानात उतरला, की तू मघाशी बाद झाला होतास, असे त्याला कोणी म्हणत नाही. म्हटले, तर तो संघ हरलाच म्हणून समजा.

पोरांनी निर्णय माझ्यावर सोपवला नाही, याचा मला आनंद वाटला. तो त्यांनीच केला. पुढच्या रविवारी वंदनेनंतर, सर्वांसमोर, टोमणा मारणारा उभा राहिला आणि त्याने आपला शब्द परत घेतला. हसणारे उभे राहिले. मग हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मी न सांगता गेलो. सहाजणांना एकटे सोडले. पुन्हा जायची वेळ आली तर तोंडावर सांगून जाईन." पहिले दोन सामने त्याने बाहेर बसून सोबत्यांना पाणी द्यावे, तिसऱ्यापासून खेळावे, असे ठरले. त्याने ते हसत मान्य केले. नायकाची निवड पुन्हा घ्यावी, असे जुन्या नायकानेच सुचवले. ती अजून व्हायची आहे. नाव कोणाचे निघेल ते मला ठाऊक नाही. पण या वेळी नाव निघाल्यावर कोणी हसणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

तेव्हा धम्मबंधूंनो, घरी जाताना एवढे मनाशी ठरवा. आपल्या वस्तीतले, आपल्या नात्यातले कोण मध्येच सोडून गेले आहे? ते का गेले, हे आपण कधी विचारले काय? विचारले नसेल, तर त्यांच्या येण्याची वाट पाहत बसू नका. सारनाथ लांब होते, तरी भगवान चालत गेले. आपल्याला तर दोन बांध ओलांडून पलीकडच्या आळीलाच जायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!