थोडक्यात बचावले

पावसाळ्यात जळगाव-धुळ्याकडचं वर्तमानपत्र उघडलं की आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. संततधार पावसानं अमुक गावात धाब्याचं घर कोसळलं, कुटुंब थोडक्यात बचावलं. माणसं नुकतीच ओट्यावर येऊन बसली होती, किंवा शेतात गेली होती, किंवा त्या रात्री शेजारी झोपली होती. आपण 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो आणि पान उलटतो. मला मात्र हा 'थोडक्यात' अलीकडे खटकायला लागलाय. कुणी मेलं नाही, हे खरं. पण म्हणून काहीच झालं नाही का?

हा प्रश्न मला नीट कळला तो दूरदेशीच्या एका छतामुळे. ते पडलं बर्फानं, जो आमच्या खानदेशात फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं शहर आहे. तिथल्या सिव्हिक सेंटर या बंदिस्त स्टेडियममध्ये १७ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी कॉलेज बास्केटबॉलचा सामना झाला. जवळपास पाच हजार प्रेक्षक होते. सामना संपला, लोक घरी गेले. बाहेर बर्फ साचत राहिला. पहाटे सव्वाचारच्या सुमारास सुमारे ९१ मीटर रुंद आणि ११० मीटर लांब असं ते छत पंचवीस मीटर उंचीवरून खाली आलं. सुमारे १,४०० टनांचा ढिगारा रिकाम्या खुर्च्यांवर पडला. मृत शून्य, जखमी शून्य. काही तासांच्या फरकानं पाच हजार माणसं थोडक्यात बचावली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. हे छत म्हणजे लोखंडी दांड्यांची एक प्रचंड जाळी होती, आणि तिचा हिशेब कॉम्प्युटरवर केला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही नवलाईची गोष्ट होती. अशा हिशेबामुळे दांडे बारीक करता आले आणि स्टीलचे सुमारे पाच लाख डॉलर वाचणार होते. जाळी जमिनीवर जोडून मग वर उचलली. वर गेल्यावर मोजलं, तर छत हिशेबापेक्षा दुप्पट झुकलेलं. इंजिनिअरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की कागदावरच्या हिशेबात आणि प्रत्यक्षात एवढा फरक पडायचाच. पुढे कडेचे पॅनल बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या लक्षात आलं की जाळी इतकी वाकलीय की भोकं जुळत नाहीत. त्याला सांगण्यात आलं, काय ते जमवून घे, नाहीतर उशीर तुझ्या माथी. त्यानं जमवून घेतलं.

छत पडल्यावर चौकशी झाली. वरच्या बाजूच्या, दाब सोसणाऱ्या दांड्यांना जिथं आडवा आधार आहे असं हिशेबात धरलं होतं, तिथं तो पुरेसा नव्हताच. छताचं स्वतःचं वजनही जवळपास वीस टक्के कमी धरलं होतं. दांडे एकेक करून वाकायला सुरुवात झाली ती छत वर चढलं तेव्हापासूनच. म्हणजे बर्फानं छत पाडलं असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पाच वर्षं पडत असलेल्या छताला त्या रात्रीच्या बर्फानं शेवटचा धक्का दिला. कॉम्प्युटरची आकडेमोड चुकली नव्हती. त्याला जे छत सांगितलं होतं, ते उभं राहिलं असतं. बांधलेलं छत वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे टेप लावून मोजलेलंही होतं.

आता पुन्हा आमच्याकडे या. धाब्याच्या घरात लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलचनं आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर असतो. खानदेशच्या उन्हाळ्यात या छताखाली जो गारवा मिळतो, तो स्लॅबखाली मिळत नाही. पण पावसाळ्याआधी गळती बुजवायला वर नवी माती टाकावी लागते. जुनी काढायला वेळ आणि पैसा कुणाकडे असतो? थरावर थर चढतो, घराचं वजन दरवर्षी थोडं वाढतं, त्याची नोंद कुठंच होत नाही. मग चार-पाच दिवसांची झड लागली की तीच माती पाणी पिऊन जड होते आणि वाळवीनं पोखरलेली तुळई हात टेकते. ओल्या बर्फाचं काम याहून वेगळं नाही.

माझ्या आजीचं माहेर अमळनेरकडचं, अशाच घरातलं. ती सांगायची, 'माटी गयाले लागनी का बाहेर निंघानं.' माती गळायला लागली की बाहेर पडायचं. मध्यरात्र असो, पाऊस असो, अंथरुणावर माती दिसली की पोरं उचलायची आणि निघायचं. त्या घराचा हिशेब कुणी केला नव्हता. पण छत बोललं तर ऐकायचं, एवढं ठरलेलं होतं. हार्टफर्डचं छत पाच वर्षं बोलत होतं.

तरीही एक प्रश्न उरतोच. कुणी मेलं नाही, मग त्या लोकांचा दोष किती? तत्त्वज्ञानात याला 'मॉरल लक' म्हणतात, नैतिक नशीब म्हणू या. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी हा विषय समोर आणला. साधं उदाहरण घ्या. दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीनं गाडी हाकतात. एकाच्या वाटेत पोर येतं, दुसऱ्याचा रस्ता मोकळा असतो. पहिला तुरुंगात जातो, दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांचं वागणं एकच असताना आपण एकाला गुन्हेगार आणि दुसऱ्याला कुणीच का मानत नाही?

छतांच्या बाबतीतही असंच होतं. २ जानेवारी २००६ ला जर्मनीत बाड रायखेनहाल इथल्या आइस रिंकचं छत बर्फाखाली कोसळलं. पंधरा जण गेले, त्यात बहुतेक मुलं. खटला चालला, एका इंजिनिअरला शिक्षा झाली. त्याच महिन्यात २८ तारखेला पोलंडमधल्या कातोवित्सेजवळ प्रदर्शनाच्या हॉलचं छत पडलं, ६५ माणसं गेली. हार्टफर्डचं भांडण मात्र शेवटी कोर्टाबाहेर पैशांत मिटलं.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. घाटकोपरचं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४० ची. ते उभं होतं तोवर सर्वांत मोठं होर्डिंग म्हणून त्याची लिम्का बुकमध्ये नोंद झाली होती. १३ मे २०२४ च्या वादळात ते पडलं, १७ जण गेले, आणि त्याच लोखंडाला आपण गुन्हा म्हणायला लागलो. आदल्या दिवशीही ते तेवढंच मोठं होतं.

फळावर नजर न ठेवता काम करावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःच्या कामाच्या वेळी हे जमो न जमो, दुसऱ्याच्या कामाचा निवाडा करताना मात्र आपण फक्त फळच बघतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. शंका रोजच येतात. आमच्या टीमच्या फोनवर रात्रीबेरात्री अलर्ट येतात आणि त्यातले बरेचसे फुसके निघतात. प्रत्येक शंकेपाशी थांबलं तर एकही छत चढणार नाही, एकही रिलीज होणार नाही. मग दोषी कुणाला म्हणायचं? ज्याचा अंदाज चुकला त्याला नाही. अंदाज कुणाचाही चुकतो. मला वाटतं, हिशेब आणि मोजमाप जुळत नाही हे समोर आल्यावर जो बघायला गेला नाही, त्याचा दोष आहे. हार्टफर्डमध्ये तो क्षण पहाटे सव्वाचारचा नव्हता. पॅनलची भोकं जुळत नाहीत असं एक माणूस सांगत होता आणि त्याला उशिराची भीती घातली गेली, तो क्षण होता. पुढे माणसं मेली की वाचली, यानं दुःख किती झालं ते ठरतं, नुकसानभरपाई ठरते. त्या क्षणीच्या वागण्याचं मोल त्यानं बदलत नाही.

आणि घरी सुखरूप पोचलेल्या त्या पाच हजार लोकांवरही अन्याय झालाच होता. त्यांना न विचारता, न सांगता, वाकलेल्या छताखाली बसवलं होतं. धाब्याखाली झोपणारं कुटुंब निदान स्वतःच्याच छताखाली झोपतं. दुसरं छत परवडत नाही म्हणून झोपतं, आणि माती गळताना स्वतः बघतं. स्टेडियमचा प्रेक्षक वर बघून काय ओळखणार? ॲप वापरणारा माणूस आमच्या कोडमधलं काय ओळखणार? ज्याला वरचं दिसत नाही, त्याच्या वतीनं बघणं हे आमचं काम आहे. त्याचा पगार मिळतो.

'दोन वर्षं प्रॉडक्शनला चाललंय, हात लावू नको,' हे आमच्या क्षेत्रातलं लाडकं वाक्य. कधीकधी ते शहाणपणाचंही असतं. पण दोन वर्षं चाललं यातून एवढंच कळतं, की अजून बर्फ पडलेला नाही.

'कुटुंब थोडक्यात बचावलं' या वाक्यात कर्ता कुटुंब आहे. त्यांना धोक्यात कुणी ठेवलं, हे त्या वाक्यात कुठंच येत नाही. देवानं तारलं हे मान्य करू. पण माती कधीपासून गळत होती आणि ते कुणाकुणाला माहीत होतं, हेही त्याच बातमीत छापून यायला हवं.