ढगाळ आकाश आणि चौथे शील



कुवेतमध्ये उन्हाळा धुळीचा, म्हणून आकाशाचे फोटो काढायचे ते हिवाळ्यात. पण इथला पाऊसही हिवाळ्यातच येतो. यंदा कितीतरी गुरुवारी रात्री दुर्बीण गाडीत घालून साल्मी रस्त्याने वाळवंटात गेलो आणि ढग पाहून परतलो. अख्ख्या हंगामात अश्वमुख तेजोमेघाचे दोन-दोन मिनिटांचे 20 फोटो मिळाले. म्हणजे फक्त 40 मिनिटांचा प्रकाश.

असे फोटो एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतात. फोटो चौपट झाले की चित्रातला दाणेदारपणा निम्मा होतो. माझ्याकडे तेवढे फोटो नव्हते. मग संगणकावरच्या एका साधनाला उरलेले बारकावे भरायला सांगितले. मिनिटभरात देखणे चित्र तयार झाले. शुक्रवारी वंदनेनंतर मुलांना ते दाखवले. एका मुलीने विचारले, "काका, हे तुम्ही काढलंत?" मी "हो" म्हणालो. ते "हो" आठवडाभर सलत राहिले.

कोणी म्हणेल, असे सगळेच फोटो संगणकावर उजळलेले असतात. डोळ्याला तो लाल रंग दिसतच नाही. खरे आहे. पण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला अंधुक प्रकाश उजळणे वेगळे आणि न पोहोचलेला प्रकाश रंगवणे वेगळे. पहिल्यात आपण साक्ष मोठ्या आवाजात सांगतो, दुसऱ्यात साक्षच बनवतो.

हा अश्वमुख मृग नक्षत्रातल्या बाणाच्या एका ताऱ्याजवळ आहे. तो प्रथम ओळखला विल्यमिना फ्लेमिंग यांनी, हार्वर्ड वेधशाळेत 1888 साली घेतलेल्या एका काचपट्टीवर. त्या आधी वेधशाळेच्या संचालकांकडे घरकाम करत. काचेवर कोणी काही भरले नव्हते, म्हणून तिथली छोटीशी काळी खाच विश्वासाने पाहता आली. पुढे एका प्रसिद्ध सूचीत या शोधापुढे त्यांचे नावच आले नाही. वगळण्यानेही खोटे घडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

चौथे शील आपण दर वंदनेला घेतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. शिवाय कालाम सुत्त सांगते की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. पण पारखायला दिलेली वस्तूच बनावट असेल, तर त्या मुलीने पारखायचे कसे? मी तिची फसवणूक केलीच, पण तिचा तपासण्याचा हक्कही काढून घेतला.

पुढच्या शुक्रवारी मी मुलांसमोर चूक कबूल केली आणि मूळ फोटो दाखवला. दाणेदार, फिका, घोड्याचे तोंड जेमतेम दिसणारा. खाली लिहिले होते: "40 मिनिटे. बाकी ढग." ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात मलाही न्याल?"

भवतु सब्ब मंगलं!