पाचवा लांडगा

शेजारच्या घरामागे एक जुनी बंडी पडून आहे. जू जमिनीला टेकलेलं, बैल कधीचे विकलेले. गेल्या महिन्यात तिच्याखाली एका कुत्रीनं पिल्लं घातली. थंडीचे दिवस. सेलूच्या बाजूला या दिवसांत सकाळी धुकं लवकर हलत नाही. कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्याला रुमाल गुंडाळून ऑटोची वाट पाहत असतात, आणि मी चहा घेऊन ओट्यावर बसलेला असतो.

कुत्री उजाडताच गावात जाते. तासाभरानं परत येते तेव्हा तिच्या तोंडात काही नसतं. पिल्लं तिच्या जबड्याला झोंबतात, चाटतात, आणि ती पोटातलं त्यांच्यापुढे टाकते. पहिल्या दिवशी मला किळस आली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवसापासून मी त्या वेळेला ओट्यावर असतोच.

तिथे आणखी एक कुत्रा असतो. तांबडा, अंगानं भरलेला. तिच्याच मागच्या विणीचा असावा. तो कुठे जात नाही. काही आणत नाही. बंडीशेजारी पाय ताणून पडलेला असतो. हा नेमका कशासाठी आहे, असा प्रश्न मला पडला, आणि एकदम लांडगे आठवले.

लांडग्यांच्या बाबतीत हा प्रश्न माणसांनी फार मन लावून विचारला आहे. कळप कशासाठी? उत्तर सोपं वाटतं. जास्त तोंडं, जास्त शिकार. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले. तिथे डॅन मॅकनल्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी लांडग्यांच्या शिकारी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि २०१२ साली त्यांचा हिशेब मांडला. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं मोठं हरीण. ते पाडायला एकापेक्षा दोन बरे, दोनांपेक्षा तीन, तीनांपेक्षा चार. चारांनंतर मात्र यश वाढत नाही. पाचवा लांडगा पळतो, पण मागे मागे. खुरांचा मार बसेल तिथे तो पुढे होत नाही. गावात श्रमदानाला गेलेल्या कोणालाही हे नवं वाटू नये. गवा असतो तसा बायसन समोर आला की गोष्ट बदलते. तिथे चौघांनी भागत नाही, आणि मग नववा, दहावा, अकरावाही खरोखर उपयोगी पडतो. म्हणजे धोका मोठा असेल तर मागचे पुढे येतात. रोजच्या कामात येत नाहीत.

मग रोजच्या कामाला पाचवा का ठेवतात?

सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडग्यांवर नजर आहे. तिथली शिकार म्हणजे मूस, घोड्याएवढं धिप्पाड जनावर. कागदावर मांडलं तर तिथे जोडीनं राहणंच फायद्याचं ठरतं. दोघांत वाटणी, दोघांची पोटं भरलेली. तरीही लांडगे मोठ्या कळपात राहतात. या कोड्याचं एक उत्तर २००४ साली जॉन व्यूसेटिच आणि इतरांनी दिलं. ते उत्तर कावळ्यांत होतं. आपल्या डोमकावळ्याचे तिकडचे थोरले भाऊ शिकारीवर थव्यानं उतरतात, मांस तोडतात, नेऊन दडवून ठेवतात. दोघे लांडगे एवढं मोठं जनावर लवकर संपवू शकत नाहीत. त्यांच्या कष्टाचा मोठा वाटा कावळे नेतात. कळप मोठा असेल तर ताट वेळेत पुसलं जातं. आणि पाचवा म्हणजे तरी कोण? बहुतेक वेळा त्याच जोडप्याचं गेल्या वर्षीचं पोर. कावळ्यानं नेण्यापेक्षा पोरानं खाल्लेलं बरं.

आपल्याकडचे लांडगे माळावरचे. ससा, उंदीर, कोकरू यांवर त्यांचं चालतं, म्हणून कळपही लहान, घराएवढाच. वावरात मेंढ्या बसवणारे त्यांना ओळखतात, आणि अर्थात शिव्याही देतात. मराठीनं त्यांच्या नावानं लांडगेतोड हा शब्द केला. शब्द करणाऱ्यानं लांडग्याला जेवताना पाहिलं असेल, भरवताना पाहिलं नसेल.

भरवणं आमच्या जिल्ह्यातही चालू असतं. हिंगणीच्या पलीकडे बोरचं जंगल आहे, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे रानकुत्री आहेत. वाघ पाहायला आलेली माणसं त्यांच्यापाशी जिप्सी फार वेळ थांबवत नाहीत. कुत्रीच तर आहेत! ए. जे. टी. जॉनसिंग मात्र १९७० च्या दशकात बंदीपूरला याच जनावरांमागे हिंडले. शिकार पडली की रानकुत्र्यांत आधी पिल्लं खातात, मोठे थांबतात. पिल्लं बिळात असतील तेव्हा एखादं मोठं कुत्रं शिकारीला न जाता राखणीला मागे राहतं. परत आलेले पिल्लांपुढे पोटातलं काढून ठेवतात. राखणदारापुढेही ठेवतात.

आमच्या घरी एक काकाजी होते. लग्न नाही, कमाई नाही. दिवसभर खाटेवर असत. ज्वारी निसवली की रात्री जागलीला जात आणि सकाळी येऊन पुन्हा झोपत. घरात त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे, पण वाढताना आजीचा हात त्यांच्या ताटावर क्षणभर थांबलेला मी पाहिला आहे. ते गेले त्या वर्षी आम्ही ज्वारी पेरली नाही. पाखरं आणि डुकरं राखायला माणूस नाही, एवढंच बाबा म्हणाले. पुढच्या वर्षीही पेरली नाही. आता त्या वावरात सोयाबीन असतं.

आज सकाळी कुत्रीला यायला उशीर झाला. पिल्लं बंडीखालून बाहेर येऊन उन्हाच्या तुकड्यात लोळत होती. एक डोमकावळा चाकावर येऊन बसला. मान तिरपी करून सगळ्यात लहान पिल्लाकडे पाहू लागला. तांबड्यानं एक डोळा उघडला. उठला नाही, भुंकला नाही. कावळा खाली आला नाही.

मग कुत्री आली. पिल्लं तिच्या तोंडाला झोंबली. त्यांचं झाल्यावर तांबडा आळस देत उठला, शेपूट खाली घालून तिच्यापाशी गेला आणि पिल्लांसारखाच तिचा जबडा चाटू लागला. एवढा थोराड कुत्रा. ती जरा मागे सरली. मग मान खाली घालून त्याच्यापुढेही थोडं टाकलं.

कावळा उडून कवेलूंवर जाऊन बसला.