बाकाबाईंचा हिशेब

तान्ह्या पोळ्याला आमच्या खाप्यातून मारबत बघायला नागपूरला जाणारे असतात. 1881 पासून तिथं काळी मारबत, म्हणजे बाईचा काळा पुतळा, निघते. रोगराई, इडापिडा तिच्या माथी मारून शेवटी तिला जाळतात. ही काळी बाई कोण, असं विचारलं की बरेच जण सांगतात, बाकाबाई. इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो.

दुसरे रघुजी मार्च 1816 मध्ये वारले. गादीवर आले ते परसोजी कारभाराला असमर्थ होते. त्यांच्या नावानं राज्य कुणी चालवायचं यावरून वाड्यात दोन तट पडले. रघुजींच्या राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले एकीकडे, परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब दुसरीकडे. आप्पासाहेबांची सरशी झाली आणि मे महिन्यात त्यांनीच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढं परसोजींचा खून झाला, इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, ती हरून आप्पासाहेबांची गादी गेली. 1818 मध्ये अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या पालक म्हणून बाकाबाईंचं नाव लागलं. कारभार मात्र रेसिडेंट जेंकिन्स पाहत होता. नाव राणीचं, हुकूम रेसिडेन्सीचा. अशा सत्तेचा दोष पुढं नावावरच येतो.

इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिचंही असंच झालं. 1453 मध्ये राजाचं भान हरपलं. तिनं कारभार मागितला, तो यॉर्कच्या ड्यूकला मिळाला. नवऱ्याच्या आणि मुलाच्या हक्कासाठी ती वर्षानुवर्षं झगडली. 1471 मध्ये एकुलता मुलगा लढाईत गेला. शंभरेक वर्षांनी शेक्सपिअरच्या नाटकात तिला लांडगी म्हटलं गेलं, आणि तीच तिची ओळख होऊन बसली.

डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोलानं विकले गेले. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, असं बाकाबाईंनी बजावल्याचं जॉन के या इंग्रज इतिहासकारानंच नोंदवलं आहे. सामान गेलंच. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. दरबार मोडला तसं तलम धोतरांचं, पागोट्यांचं मोठं गिऱ्हाईकही मोडलं. कन्हानकाठच्या आमच्या विणकरी गावाला हे दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग 1857 आलं. पंचाहत्तरीच्या बाकाबाईंनी आपल्या माणसांना उठावापासून आवरलं, आणि सगळा राग तिथंच साचला आहे. त्यांचा तो निर्णय चुकला असं मलाही वाटतं. पण चाळीस वर्षांपूर्वी सीताबर्डीची हार बघितलेल्या बाईचा तो निर्णय होता. त्याचा हिशेब मांडताना तीन वर्षं आधी वाडा पेटवायला निघालेली तीच म्हातारी वगळून चालणार नाही.